मार्च-एप्रिलचं ब्लिझर्ड बघायला निघताय? या चुका टाळा

मार्च लागला की कॅलिफोर्निया-टेक्सासकडच्या ओळखीच्या पोरांचे फोन सुरू होतात. "काका, यंदा कॉलोराडो-कॅन्ससच्या माळावर खरं ब्लिझर्ड बघायचंय!" ब्लिझर्ड म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्यातलं हिमवादळ. माझं उत्तर ठरलेलं: आदल्या दुपारीच मोटेल गाठा, गाडी लावा आणि रस्ते उघडेपर्यंत किल्लीला हात लावू नका. हे ऐकून फोनवरचा उत्साह एकदम ओसरतो. सगळ्यांना व्हिडिओ हवा असतो, तोही चालत्या गाडीतून.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे महामार्गाचं फाटक बंद झाल्यावर आडरस्ता धरणं. वादळात आय-७० हा महामार्ग लायमन, बर्लिंग्टन, गुडलंड या गावांपाशी फाटकं पाडून बंद करतात. मग फोनवरचा नकाशा शेतांमधून जाणारा खडीचा रस्ता सुचवतो. महामार्ग बंद आहे एवढं त्याला कळतं. खडीच्या रस्त्यावर बर्फाचा बांध साचलाय, तिथे बर्फ काढणारी गाडी फिरणार नाही, हे कळत नाही.

असंच एक जोडपं एप्रिलमध्ये भाड्याची गाडी घेऊन आलं. लायमनला मोटेलची खोली मिळत होती, पण "थोडंच तर अंतर आहे" म्हणून निघाले आणि अंधार पडायच्या आत रुतले. नशिबाने फोन लागला. नवऱ्याला लांब एक दिवा दिसत होता, तिकडे चालत जातो म्हणाला. मी त्याला १९३१च्या मार्चमधली, कॉलोराडोतल्या टाउनरजवळच्या शाळेच्या बसची गोष्ट सांगितली. बस वादळात अडकली, चालक मदत आणायला पायी निघाला आणि गोठून मेला. बसमधली पाच मुलंही गेली. तेव्हा कुठे गडी जागेवर बसला. मग त्याला सांगितलं: आधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढ, मग तासाला दहा मिनिटं इंजिन, वारा लागत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी. नळी बुजली तर धूर आत येतो आणि माणूस झोपेतच जातो. सकाळी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढलं. रात्रभर दोघांत चकलीचं एक पाकीट!

दुसरी चूक: बर्फ किती इंच पडणार एवढंच बघणं. ब्लिझर्ड वाऱ्यावर ठरतं. ताशी ३५ मैलांचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत, पाव मैलापेक्षा कमी दिसणं, आणि हे किमान तीन तास. १३ मार्च २०१९ला डेन्व्हर विमानतळावर बर्फ वीतभरही नव्हता, पण झोत ताशी ८० मैलांचे होते. कॉलोराडो स्प्रिंग्जच्या परिसरात हजारावर वाहनचालक अडकले.

फोर व्हील ड्राइव्हचा माज नको. त्याने गाडी पुढे जाते, थांबत नाही.

आदल्या दिवशी टी-शर्टवर फिरता येतं म्हणून जाड जाकीट घरी ठेवू नका. वसंतातला बर्फ ओला असतो. जीन्स भिजली की संपलंच.

टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. मी तर पाऊण झाली तरी भरतो, बायको हसते.

बर्फ थांबला, वर निळं आभाळ दिसलं, की उतावळे लगेच सामान भरतात. वारा असेल तर पडलेला बर्फच उडतो आणि बॉनेटपलीकडचं काही दिसत नाही. फाटक उघडल्यावरही मी आधी चार ट्रक जाऊ देतो. तोवर मोटेलची फुकटची कॉफी पीत बसायचं.