नवं काही शिकणाऱ्या बाळाची रात्रीची जाग कशी सांभाळावी

कालपर्यंत चार-पाच तास सलग झोपणारं बाळ अचानक तासातासाला उठायला लागतं आणि घरात तर्क सुरू होतात. दूध कमी पडतंय? पोट दुखतंय? दात? (दातांवर तर हवं त्यापेक्षा जास्तच खापर फुटतं.) पुष्कळदा कारण दिवसा डोळ्यांसमोर असतं: बाळ त्याच सुमारास पालथं पडायला, रांगायला किंवा धरून उभं राहायला शिकत असतं.

पहिलं काम, आजार नाही ना ते बघणं. 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. दूध नाकारणं, श्वास जड होणं, एरवीपेक्षा फार सुस्त पडणं यालाही तोच नियम.

तसं काही नसेल, तर बाळाने हूं की चूं केलं की लगेच उचलू नका. बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण 50 ते 60 मिनिटांचं असतं आणि ते संपताना बाळ अर्धवट जागं होतं. कण्हतं, पाय झाडतं, कधी डोळे मिटूनच रडतं. मिनिटभर थांबलात तर अनेकदा ते आपलं आपण परत झोपतं. घाईने उचललं तर आपणच त्याची झोपमोड करतो. रडणं वाढलं तर मात्र जा.

जवळ गेल्यावर दिवा मंद, बोलणं जवळजवळ नाही. शी झाली नसेल किंवा लंगोट अगदी ओला नसेल तर तो बदलायच्या फंदात पडू नका. पहिल्या सहा महिन्यांत रात्रीची भूक खरी असते, तेव्हा पाजाच. बाळ जास्त झोपावं म्हणून बाटलीतल्या दुधात पीठ कालवणं मात्र नको. त्याने झोप वाढत नाही आणि बाळाला ठसका लागू शकतो.

आता मुख्य गोष्ट: नव्या कसबाचा सराव दिवसा भरपूर करून घ्या.

साधारण 4 ते 6 महिन्यांत बाळ कुशीवर, मग पालथं वळू लागतं. रात्री पालथं पडतं, परत वळता येत नाही, म्हणून रडतं. दिवसा जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, त्याला थोडा थोडा वेळ पोटावर खेळू द्या. वळण्याची पहिली चिन्हं दिसताच दुपट्यात घट्ट गुंडाळणं बंद करा. वर्षभर झोपवताना पाठीवरच ठेवायचं. अंथरूण सपाट आणि घट्ट हवं, त्यावर उशी, जाड पांघरूण, खेळणी काही नको. दोन्ही बाजूंना सहज वळता येऊ लागलं, की झोपेत स्वतःहून पालथं झालेल्या बाळाला सरळ करत बसायची गरज नाही.

आठ-दहा महिन्यांची गंमत वेगळीच. बाळ कठडा धरून उभं राहतं आणि खाली बसायचं कसं तेच त्याला ठाऊक नसतं! दिवसा ते उभं असताना खेळणं जमिनीवर ठेवा, गुडघे वाकवायला हाताने मदत करा. रात्री मात्र न हसता-खेळता, शांतपणे आडवं करा.

याच वयात दिसेनाशी झालेली आई कुठेतरी आहे हे बाळाला कळू लागतं, पण ती परत कधी येईल हे कळत नाही. दिवसा लपाछपीचा खेळ खेळा. रात्री पाठीवर हात ठेवून थोपटणं, ओळखीचा आवाज पुरेसा असतो. डोळा चुकवून सटकणं टाळा, त्याने बाळ अधिकच चिकटतं.

डुलकी लागण्याआधीच खाली ठेवून झोपायची सवय लावायची असेल तर हा धामधुमीचा काळ सोडून द्या. बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत झोप पूर्वपदावर येते.

जागरणाच्या पाळ्या लावा. बाळाला घेऊन सोफ्यावर पेंगणं धोक्याचं आहे. अगदीच सहन होईनासं झालं तर बाळाला सुरक्षित जागी ठेवून पाच मिनिटं बाजूला व्हा. काहीही झालं तरी त्याला गदागदा हलवू नका.

वाढीचे टप्पे प्रत्येकाचे पुढेमागे होतात. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय अपेक्षित तारखेपासून धरा. मात्र शिकलेली गोष्ट बाळ करेनासं झालं, वजन वाढेना किंवा घोरताना श्वास मध्येच अडकतोय असं वाटलं, तर पुढच्या लसीपर्यंत थांबू नका, आधीच दाखवा.