पी०१७१ कोड पुसला तरी परत येतो? माझ्या गाडीत दोष पीसीव्ही होजमध्ये (इंजिनमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी नळी) होता

पेट्रोल गाडी. चेक इंजिनचा दिवा लागलेला, उभ्या गाडीत आरपीएम खालीवर, पण चालायला लागली की सगळं सुरळीत. स्कॅनरवर पी०१७१, म्हणजे बँक १ मधलं (पहिल्या सिलिंडरच्या बाजूचं) मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी.

स्पार्क प्लग बदलले, मास एअरफ्लो सेन्सर साफ केला, ऑक्सिजन सेन्सरही नवा घातला. दोन-तीन दिवसांत दिवा परत हजर. रडकुंडीला आलो होतो.

खरं तर आधी लाइव्ह डेटा बघायला हवा होता. गरम इंजिनवर एकूण फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, +२२ टक्के. आरपीएम २५०० वर धरला की +५. उत्तर इथेच होतं. थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) मिटलेला असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॅक्यूम जास्त असतो, त्यामुळे गळतीतून शिरणारी हवा तेव्हाच सर्वात जाणवते. पेट्रोलचा दाब कमी असता तर आकडा लोडवर चढला असता.

मग स्मोक टेस्ट. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडला. पीसीव्ही होजच्या वाकणाखालून धुराची बारीक रेघ निघाली. वरून नळी धडधाकट. बोटाने दाबल्यावर भेग उघडली. (गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधू नका, पेट घेतो.)

इंजिन थंड होऊ दिलं, क्लॅम्प सोडवले, नवी नळी बसवली, क्लॅम्प आवळले आणि मगच कोड पुसला. पुसल्यावर ट्रिमही शून्यावर येतात, म्हणून तासभर गाडी चालवून पुन्हा पाहिलं: आयडलला +३.