हत्यारं जपून

वायरमनचं काम करणारा आपला पोरगा इकडे निघाला की अख्खी हत्यारांची पेटी बॅगेत कोंबतो. सांगलीहून लेस्टरला येताना मीही तेच केलं होतं. पक्कड, पाने, टेस्टर, टेप, सगळं. आपण अवजारांना सहज हत्यारं म्हणतो. इंग्लंडचा कायदा काही वेळा तो शब्द खरा धरतो.

शनिवारी काम संपवून तसाच गावात जेवायला गेलो. जॅकेटच्या खिशात मल्टिटूल, म्हणजे चाकू-पक्कड एकात असलेलं घडीचं अवजार, राहिलेलं. पोलिसांनी अडवून खिसे तपासले. पातं जेमतेम अडीच इंचाचं, पण उघडल्यावर लॉक होणारं. इथे सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय पातं बाळगणं हा 1988 च्या कायद्याने गुन्हा आहे. सूट फक्त मिटणाऱ्या, तीन इंचांपर्यंत पात्याच्या चाकूला, आणि लॉक होणारा चाकू मिटणारा धरतच नाहीत. काम हे सबळ कारण आहे, पण कामावर असताना आणि जाता-येता. शनिवारी रात्री हॉटेलच्या दारात नाही. कमाल शिक्षा चार वर्षं कैद. मी ताकीदीवर सुटलो, मल्टिटूल गेलं, आणि ती ताकीद पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही लिहावी लागली.

म्हणून काम संपलं की खिसे रिकामे करा. रोज. स्टॅनले चाकू, म्हणजे आपला कटर, तोसुद्धा पेटीत, पेटी घरात. पातं उघडून पाठीवर बोटाने दाबून बघा. कुठलंही बटण न दाबता मिटलं नाही तर ते लॉक होणारं आहे. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी काका सांगतीलच, "अहो, काही होत नाही, मी वीस वर्षं बाळगतोय." काकांना अजून कोणी अडवलेलं नाही, एवढंच.

टेस्टर तिकडेच ठेवा. इथले लोक त्याला हसतात आणि त्यांचं बरोबर आहे. तो आपल्याच अंगातून करंट नेऊन पेटतो, आणि पेटला नाही म्हणजे लाईन बंद आहे असं नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या, कारण वायरच्या रंगांवर विसंबलात तर मराल. आपल्या हाताला लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल ही सवय. ती मूळ इंग्रजांचीच, पण त्यांनी 2006 पासून नव्या कामात रंग बदलले. आता थ्री फेजला तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे आपला न्यूट्रल इथे जिवंत, आणि आपला निळा फेज न्यूट्रल! जुन्या घरांत एकाच बोर्डात दोन्ही पद्धती सापडतात.

स्टार स्क्रू ड्रायव्हरही आणू नका. इथले बरेच स्क्रू पोझीड्राइव्हचे, अधिक चिन्हाच्या मध्ये चार बारीक रेघा असलेले. आपला फिलिप्स त्यात घसरतो आणि स्क्रूचं तोंड खातो. मला हे कळायला दोन महिने आणि एका घरमालकिणीची नवी कपाटं लागली.

घरचं ड्रिलही नको. मोठ्या साइटवर पिवळ्या प्लगची 110 व्होल्टची किंवा बॅटरीची मशीनच चालतात.

पक्कड मात्र आणा, हातात बसलेली.

व्हॅनमध्ये रात्री काही ठेवू नका. "आत अवजारं नाहीत" अशी पाटी लावलेल्या व्हॅनही फोडतात.