गळ्याखालचा खळगा कसा शोधावा आणि त्यात काय बघावं

आरशासमोर बसा, मान सैल सोडा आणि हनुवटीखालून तर्जनी सरळ खाली आणा. आधी कंठमणी लागेल. बायकांचा चटकन सापडत नाही, आवंढा गिळला की बोटाखाली हलतो. त्याखाली एक टणक कडं, मग श्वासनलिकेची खडबडीत कडी, आणि बोट एका खळग्यात उतरतं. हा कंठकूप. दोन्ही बाजूंना गळ्याच्या हाडांची टोकं, तळाशी छातीच्या मधल्या हाडाची कड. इथे दाबू नका, ठसका लागतो. कातडीमागे लगेच श्वासनलिका आहे.

डॉक्टर इथे बोट ठेवून श्वासनलिका मधोमध आहे का ते बघतात. फुप्फुस आकसलं तर ती त्या बाजूला ओढली जाते, छातीत हवा कोंडली तर विरुद्ध बाजूला ढकलली जाते. गळ्याला सूज असेल तर घोटभर पाणी गिळायला सांगतात. थायरॉइडची गाठ गिळताना वर सरकते. तिची खालची कड या खळग्यापाशी हाताला लागत नसेल, तर ती छातीत उतरली असण्याची शक्यता असते.

पण मला हा खळगा सगळ्यांना दाखवावासा वाटतो तो लहान मुलांसाठी. जुलैच्या पावसात डिचोलीत आमच्या शेजारच्या आजी दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. "अगो बाय, रात्रीपासून दूध ओढत नाही, नुसतं पोट उडतंय." मी गळ्यातला काळा दोरा बाजूला केला. प्रत्येक श्वासाला त्याखालची कातडी आत जात होती, वाटाणा मावेल एवढी. आम्ही लगेच १०८ला फोन केला.

श्वासाची वाट अरुंद झाली की मूल जोर लावून हवा ओढतं, आणि छातीतल्या त्या ओढीने मऊ जागा आत खेचल्या जातात: हा खळगा, बरगड्यांमधली जागा, बरगड्यांखालचं पोट.

मूल शांत असताना बघा, रडताना कुणाचाही खळगा ओढला जातो. अंगातलं झबलं काढा, उजेडात मांडीवर घ्या. हात लावायची गरज नाही. मग घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शांत असतानाही खळगा ओढला जात असेल तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा. ओठ निळसर झाले, मूल पीत नाही किंवा जागं करूनही सुस्त राहतं, तर १०८. तोवर काढा, मध काही पाजू नका, श्वासनलिकेत जाईल. मुलाला ज्या स्थितीत बरं वाटतं तसंच मांडीवर बसवून ठेवा.

खळगा अधूनमधूनच ओढला जात असेल तर मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, गळा आणि छाती दोन्ही दिसतील असा. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल झोपलेलं असतं आणि डॉक्टरांना ते दिसत नाही.