डुशेनची ओळख करून देताना

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराविषयी जनजागृती करायची असेल, तर आजाराच्या नावापासून नव्हे, मूल जमिनीवरून कसे उठते इथून सुरुवात करावी. हे अवघड नाव ऐकणारा घरी पोहोचेपर्यंत विसरून जातो. परंतु बसलेले मूल आधी पालथे होते, हातापायांवर येते आणि मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत स्वतःच्याच अंगाच्या आधाराने उभे राहते, हे एकदा करून दाखवले की लक्षात राहते. वैद्यकात याला गॉवर्स चिन्ह म्हणतात. सतत पडणे, कठडा धरून जिना चढणे आणि फुगीर पोटऱ्या ही लक्षणेही सांगावीत. अशा पोटऱ्या पालकांना बळकट वाटतात. प्रत्यक्षात तिथे स्नायूंची जागा हळूहळू चरबी घेत असते.

मोठ्या सभेपेक्षा बालवाडीच्या शिक्षिका, क्रीडाशिक्षक आणि लसीकरण करणाऱ्या परिचारिका यांच्यासमोर बोलणे मला अधिक मोलाचे वाटते. निदान बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षी होते, आणि तोवर त्या मुलाला आळशी किंवा धांदरट ठरवले गेलेले असते. शंका आल्यास रक्तातील क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाली की रक्तात उतरणारे विकर, म्हणजे एन्झाइम) तपासून घ्यावे, हे न विसरता सांगावे. तपासणी साधी आहे, आणि आजार असल्यास हे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले आढळते. पक्के निदान जनुकीय चाचणीने होते.

कारण सांगताना शब्द फार जपून वापरावेत. डिस्ट्रोफिन हे प्रथिन घडवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो, एवढेच सांगून थांबलो तर, मुलग्याला हे गुणसूत्र आईकडून मिळत असल्याने, सगळा दोष आईच्या माथी येतो. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये जनुकातला सदोष बदल आईकडून न येता नव्यानेच घडलेला असतो, हे त्याच दमात सांगावे.

कार्यक्रमासाठी ७ सप्टेंबर हा जागतिक डुशेन जागृती दिन सोयीचा आहे. या जनुकात ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिन घडवण्याची माहिती असलेले तुकडे, असतात, त्यावरून ही तारीख निवडली गेली. उपचारांबद्दल बोलताना आजार पूर्ण बरा होतो असे भासवू नये. स्टेरॉइडमुळे स्नायूंचा ऱ्हास मंदावतो आणि हृदय व श्वसन यांवर नियमित लक्ष ठेवल्यास आयुष्य वाढते, हे मात्र ठामपणे सांगावे. मुलाचे छायाचित्र वापरायचे असल्यास पालकांबरोबर त्यालाही विचारावे, आणि तो नको म्हणाला तर हाताने रेखाटलेल्या चित्रावर काम भागवावे.