गिल्मोरचा सोलो आधी गुणगुणायचा, मग वाजवायचा

मी डोंबिवलीत गिटार शिकवते. मुलांचा हात कॉर्ड्सवर जरा बसला की मागणी ठरलेली असते, "ताई, आता सोलो शिकवा." कुणाला जिमी पेज हवा असतो, कुणाला स्लॅश, कुणाला थेट एडी व्हॅन हेलन. पण सगळ्यांत जास्त मागणी असते ती पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नंब'मधल्या शेवटच्या सोलोला. डेव्हिड गिल्मोरचा हा सोलो माझाही अत्यंत लाडका आहे. तो कसा बसवायचा ते मी इथे सविस्तर सांगणार आहे, कारण एवढा एक नीट बसला की बाकीच्यांची अर्धी वाट मोकळी होते.

आधी निवडीबद्दल. पहिला सोलो वेगावरून निवडू नका. एडी व्हॅन हेलनचा १९७८ चा 'इरप्शन' पावणेदोन मिनिटांचाही नाही, म्हणून तो लवकर येईल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं टॅपिंग आणि पिकिंग अंगात मुरायला फार काळ लागतो. 'कम्फर्टेबली नंब'ची लय मिनिटाला सुमारे ६४ ठोक्यांची, म्हणजे संथ. नोट्स शोधणं त्यामुळे सोपं जातं. मात्र संथ लयीत प्रत्येक सूर उघडा पडतो. बेंड (तार ओढून चढवलेला सूर) जरा कमी चढला, व्हायब्रॅटो (सुराचा हेलकावा) थरथरला, की लगेच कळतं. अवघड आहे ते इथे, आणि शिकायला मिळतं तेही इथेच.

हा सोलो तयार कसा झाला, ते विद्यार्थ्याला माहीत असावं असं मला वाटतं. १९७९ च्या 'द वॉल' या अल्बमसाठी गिल्मोरने पाच-सहा वेगवेगळे सोलो ध्वनिमुद्रित केले. मग प्रत्येक ऐकून त्यातल्या चांगल्या जागांवर खुणा केल्या आणि त्या जागा एकमेकींना जोडून रेकॉर्डवरचा सोलो उभा केला. म्हणजे आपण ऐकतो ती निवडून घेतलेल्या वाक्यांची माळ आहे. शिकतानाही ती वाक्यावाक्यानेच घ्यायची. मी मुलांना पहिल्या दिवशी गिटार पिशवीतच ठेवायला सांगते. कागद घ्यायचा, सोलो ऐकायचा आणि गिटार जिथे श्वास घेते तिथे रेघ मारायची. मिनिट-सेकंदही लिहायचे. हे झालं की डोंगराएवढा वाटणारा सोलो छोट्या छोट्या तुकड्यांत दिसू लागतो.

दुसरं काम गाण्याचं. पहिलं वाक्य तोंडाने गाता येईपर्यंत गिटारला हात लावायचा नाही. आवाज चांगला असण्याशी याचा काही संबंध नाही. स्वर कुठून निघाला, कुठे टेकला आणि मध्ये किती थांबला, हे गळ्याला कळलं की बोटांना सांगावं लागत नाही. टॅब (कुठल्या तारेवर कितवं घर दाबायचं ते आकड्यांत लिहिलेलं) बघून वाजवणाऱ्या मुलांचे फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरची घरं, बरोबर येतात पण थांबे चुकतात, कारण टॅबवर आकडे असतात आणि थांब्यांकडे लक्ष जात नाही. शिवाय इंटरनेटवरच्या कितीतरी टॅब चुकीच्या असतात. टॅब जरूर बघा, पण कान तयार झाल्यावर, पडताळण्यापुरती.

ज्यांच्या घरी पेटी, म्हणजे हार्मोनियम, आहे त्यांना इथे मोठा फायदा आहे. हा सोलो बी मायनरमध्ये आहे. बी म्हणजे आपली पांढरी सात. तिला सा धरलं तर बी मायनर पेंटाटोनिकचे पाच स्वर होतात सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हे धानी रागाचे स्वर. तानपुऱ्याचं ॲप पांढरी सातवर लावा आणि हे पाच स्वर चढत-उतरत गा. गिल्मोर बहुतांश याच पाचांत राहतो. सोलोखाली कॉर्ड्स फिरतात त्या बी मायनर, ए, जी, ई मायनर आणि परत बी मायनर. कुणाला तरी त्या वाजवायला बसवा, नाहीतर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. एकच स्वर चार कॉर्ड्सवर चार वेगळ्या भावना देतो, हे स्वतः ऐकल्याशिवाय पटत नाही.

आता गिटार. सातव्या फ्रेटवर पहिलं बोट ठेवून पेंटाटोनिकचा आकार बसवा. पहिल्या दोन, म्हणजे सगळ्यांत बारीक, तारांवर ७ आणि १०, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तारेवर ७ आणि ९, सहाव्यावर पुन्हा ७ आणि १०. हे हातात बसलं की बेंडकडे वळा आणि तिथे मनसोक्त वेळ घाला. या सोलोचा प्राण बेंडमध्ये आहे.

तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट म्हणजे ई, आपला मध्यम. तो ओढून पंचमापर्यंत न्यायचा आहे. पोहोचला की नाही हे कसं ओळखायचं? दुसऱ्या तारेवरचा सातवा फ्रेट वाजवा. तोच पंचम, पेटीवरची काळी तीन. आधी तो ऐका, गा, मग तिसरी तार ओढून त्याला जुळवा. तसंच दुसऱ्या तारेवर दहावा फ्रेट, म्हणजे कोमल निषाद, ओढून षड्जावर न्या; पहिल्या तारेवरचा सातवा फ्रेट तुमचा साक्षीदार. डोळे मिटून करा. ट्यूनर लावून करू नका, सुई बघायची सवय लागते आणि कान आळशी होतो.

ओढायचं तंत्र असं. अनामिका स्वरावर, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर आधाराला. अंगठा मानेच्या वरच्या कडेवर. जोर बोटांच्या पेरांनी लावायचा नाही, मनगट फिरवायचं. तर्जनीच्या टोकाने वरची शेजारची तार दाबून गप्प ठेवायची, उजव्या तळहाताच्या कडेने खालच्या सुरांच्या जाड तारा. मुलींना बऱ्याचदा सांगितलं जातं की बेंडला ताकद लागते. ताकद कमी लागते, आधार जास्त लागतो. माझ्याकडच्या सातवीतल्या मुली दहाच्या सेटवर (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) स्वच्छ पूर्ण स्वर ओढतात. तरी सुरुवातीला नऊचा, म्हणजे आणखी बारीक तारांचा, सेट लावायला काहीच हरकत नाही. गिल्मोरच्या स्ट्रॅटवर (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवर) १० ते ४८ चा सेट असतो, आणि जिमी हेंड्रिक्स पुष्कळदा गिटार अर्धा स्वर खाली लावायचा, त्यानेही तारांचा ताण कमी होतो.

पूर्ण स्वर जमला की दीड स्वराचा बेंड घ्या, मध्यमावरून कोमल धैवतापर्यंत. जुळवायला दुसऱ्या तारेवरचा आठवा फ्रेट. गिल्मोरच्या वादनात असे मोठे बेंड पुन्हा पुन्हा येतात, आणि तो घाई न करता चढतो. मींड ऐकत मोठं झालेल्या कानाला ही चढण ओळखीची वाटते. वर पोहोचल्यावर मग व्हायब्रॅटो. तोही मोजून. ६४ च्या लयीवर मेट्रोनोम लावा आणि एका ठोक्यात आधी दोन हेलकावे, मग तीन, मग चार. बेंड धरून ठेवून व्हायब्रॅटो देणं सगळ्यांत कठीण. तार सोडायची ती जराशी, आणि प्रत्येक वेळी वरच्या सुरावर परत यायचं.

रोजचा रियाज लांब नको. एक वाक्य घ्या, यूट्यूबचा वेग पाऊण किंवा निम्मा करा, त्याच्यासोबत वाजवा. मग गाणं बंद करून फक्त कॉर्ड्सवर. मग फोनवर रेकॉर्ड करून मूळ आणि तुमचं एकापाठोपाठ ऐका. पुढचं वाक्य दुसऱ्या दिवशी. हे सगळं डिस्टॉर्शनशिवाय करायचं. रेकॉर्डवर बिग मफ फझ (आवाज जाड, खरखरीत करणारं पेडल) आणि डिलेचा (प्रतिध्वनीचा) तो भरलेला आवाज मोहात पाडतो, पण शिकताना तो चुका झाकतो. स्वच्छ आवाजात सोलो गायला लागला की मग फझ लावा. तेव्हा नको त्या तारा किती बोलतात तेही कळेल, आणि म्यूटिंगचा, म्हणजे त्या तारा गप्प ठेवण्याचा, खरा अभ्यास सुरू होईल.

पूर्ण झाल्यावर पिंक फ्लॉइडची १९९४ ची 'पल्स'मधली मैफल ऐका. तोच सोलो, तीच जागा, पण वाक्यं कितीतरी वेगळी आणि ऐसपैस. मला ते ऐकताना प्रत्येक वेळी भरून येतं. पण रेकॉर्डवरचा आधी जसाच्या तसा बसवा, स्वतःची भर नंतर.

यानंतर मी डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉफ्लरकडे नेते, कारण तिथे उजवा हात शिकावा लागतो. 'सुल्तान्स ऑफ स्विंग', १९७८, डी मायनर. नॉफ्लर जात्या डावखुरा, पण गिटार उजवी वाजवतो, आणि पिक वापरत नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. शेवटच्या सोलोतली ती सुसाट जागा ऐकून मुलं घाबरतात. उकलून बघा. पहिल्या तारेवर १३ वरून १० वर पुल-ऑफ (वरचं बोट तार छेडत उचलायचं, की खालचा स्वर वाजतो), मग दुसऱ्या तारेवर १०. झाले डी मायनरचे तीन स्वर. आता दुसऱ्या तारेवरचं बोट फक्त एक घर पुढे, ११ वर. झाली बी फ्लॅट. हाच आकार अख्खा दोन घरं पुढे सरकवा, १५, १२ आणि १३. झाली सी. तीन कॉर्ड्स, हालचाल एवढीशी. लय सुमारे १४८ ची आहे. मेट्रोनोम ७० वर लावून सुरू करा, आणि पुल-ऑफचा स्वर वाजवलेल्या स्वराइतकाच ठळक येईपर्यंत वेग वाढवू नका.

ईगल्सचा 'हॉटेल कॅलिफोर्निया' दोघांनी मिळून शिकायचा. १९७६ च्या त्या रेकॉर्डवर डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आधी आळीपाळीने वाजवतात, मग दोघं मिळून. सूर पुन्हा बी मायनर, म्हणून मुलं बिनधास्त तोच पेंटाटोनिक आकार लावतात आणि एफ शार्प मेजर कॉर्डवर अडखळतात. त्या कॉर्डमध्ये ए शार्प आहे, म्हणजे तिथे कोमल निषाद चालत नाही, शुद्ध लागतो. म्हणून इथे स्केल बाजूला ठेवून प्रत्येक कॉर्डचे स्वर फ्रेटबोर्डवर शोधायचे. शेवटचा दुहेरी भाग तर सगळा कॉर्डच्या स्वरांनीच विणलेला आहे. एकाने वरची ओळ घ्यावी, दुसऱ्याने खालची, आणि आठवड्याने अदलाबदल करावी.

पावसाळ्यात आमच्याकडे तारा पटकन गंजतात, आणि गंजलेल्या तारेवर बेंड अडकत अडकत जातो. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार खालून-वरून पुसा, आणि मोठे बेंड असलेला सोलो बसवत असाल तर तिसरी तार एक जास्तीची आणून ठेवा.