आधी मुलाची यादी, मग आहाराचा तक्ता: ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसाठी ऑनलाइन आहारवर्ग घेताना

आहारशास्त्राची पदवी घेऊन नुकतंच कामाला लागलेले बहुतेक जण पालकांच्या पहिल्याच ऑनलाइन वर्गात समतोल आहाराचा तक्ता दाखवतात. पालक स्क्रीनशॉट काढून घेतात आणि पुढे काहीच होत नाही. ज्या मुलाला पांढरा भात, एकाच कंपनीचं बिस्किट, दूध आणि वेफर्स यापलीकडे काही चालत नाही, त्याच्या घरी ‘रोज 1 वाटी पालेभाजी’ या ओळीला अर्थ नसतो. काय द्यायला हवं हे त्या आईला तुमच्याइतकंच ठाऊक असतं. ते पोटात कसं जाईल, हा तिचा प्रश्न आहे.

म्हणून काम वर्गाच्या आठवडाभर आधी सुरू करा. पालकांकडून दोन गोष्टी मागवा. पहिली, मूल सध्या जे जे खातं त्या सगळ्याची यादी. ‘पोळी खातो’ एवढं पुरत नाही. कोणाच्या हातची, गरम की गार, तूप लावून की कोरडी, अख्खी की तुकडे करून, कुठल्या ताटात, हे सगळं हवं. गेल्या सहा महिन्यांत काय खाणं बंद केलं, तेही लिहायला सांगा. यादी सतत आक्रसत असेल, तर ती लहान असण्यापेक्षा जास्त काळजीची बाब आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तीन दिवसांची नोंद: दोन शाळेचे दिवस, एक सुट्टीचा. मधल्या वेळचं अर्धं बिस्किट आणि दुधाचे घोटही त्यात यावेत. ‘एक वाटी’ म्हणजे नेमकं किती, हे प्रत्येक घरात वेगळं असतं. घरातली वाटी मापाच्या कपाने एकदा मोजून घ्यायला सांगा, नाहीतर तुमची सगळी आकडेमोड हवेत जाते.

यादी हातात आली की पदार्थ पोतानुसार लावा: कुरकुरीत, मऊ, पातळ, मिश्र. बहुतेक वेळा चवीपेक्षा पोतच ठळक दिसतो. कुरमुरे, वेफर्स, टोस्ट, खारी खाणारं मूल ‘हट्टी’ नसतं. त्याला प्रत्येक घास आधीसारखाच लागणारं खाणं हवं असतं. टोस्ट रोज तसाच लागतो; भाजी रोज वेगळी लागते.

इथून फूड चेनिंग सुरू होतं. चालणाऱ्या पदार्थापासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आकार, रंग, चव, तापमान किंवा पोत. विकतचे बटाटा वेफर्स, मग दुसऱ्या कंपनीचे, मग घरी तळलेले बटाट्याचे पातळ काप, मग थोडे जाड, मग रताळ्याचे. एकेका पायरीला आठवडा लागो की महिना, घाई नको. पोळी चालत असेल, तर 9 चमचे कणकेत 1 चमचा दुसरं पीठ घ्या. नवखे इथे लगेच नाचणी सुचवतात, कारण 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण नाचणीने पोळी तांबूस होते आणि रंगाबाबत काटेकोर असलेलं मूल ती पहिल्याच घासाला बाजूला सारतं. अशा मुलासाठी ज्वारीचं पीठ किंवा थोडी दूध पावडर बरी.

लपवून काही घालू नका, हे पालकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. भातात कालवलेली भाजीची पेस्ट किंवा दुधात मिसळलेलं लोहाचं सिरप मुलाला कळतं. मग ते भात किंवा दूधच सोडतं आणि यादीतला एक भरवशाचा पदार्थ जातो. शिवाय दुधामुळे लोहाचं शोषणही कमी होतं.

नवा पदार्थ हरभऱ्याच्या दाण्याएवढाच वाढायचा, तोही वेगळ्या छोट्या ताटलीत. टेबलावर चालला, मग बोट लावलं, वास घेतला, ओठांना लावला, चाटला, चावून थुंकला: यातली प्रत्येक पायरी प्रगती म्हणून नोंदवायची. 10–15 वेळा समोर येऊनही नकार येऊ शकतो. तिसऱ्या वेळेला ‘याला आवडतच नाही’ असं ठरवणं, ही घराघरांतली चूक. जेवण 20 ते 30 मिनिटांत आटपायचं आणि दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तास फक्त पाणी. हा नियम बहुधा ‘उपाशी राहील पोर’ म्हणत पुढे आलेल्या बिस्किटाने मोडतो, म्हणून आजी-आजोबांनाही वर्गात बसवा. आईला एकटीला शिकवून हे काम होत नाही. मात्र यादी खूप लहान असलेल्या मुलावर ‘भूक लागली की खाईल’ हा प्रयोग कधीही नको. ते खरोखर खात नाही.

दुधावर एक अख्खा वर्ग द्यावा असं आमचं मत आहे. पाच वर्षांचं मूल दिवसाला लिटरभर दूध पीत असेल, तर त्याला सुमारे 1,180 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. भारतीय शिफारस 4 ते 6 वर्षांसाठी 550 आहे. लोह मात्र 11 मिलिग्रॅम लागतं आणि दुधातून ते जवळपास शून्य मिळतं. पोट भरलेलं, वजन ठीक, पण हिमोग्लोबिन खाली, असं चित्र दिसतं. दूध साधारण 400–500 मिलीवर आणायचं, पण पाणी घालून नव्हे, कारण चव बदलते. त्याच ग्लासात दर तीन-चार दिवसांनी 50 मिली कमी करा आणि दूध जेवणानंतर द्या.

प्रश्नोत्तरांत ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) आणि केसीन (दुधातलं प्रथिन) बंद करण्याबद्दल विचारणा होणारच. ऑटिझमच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार वापरू नये, असं ब्रिटनच्या नाइस (NICE) या आरोग्य-मार्गदर्शिका ठरवणाऱ्या संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. महाराष्ट्रात ज्वारी, बाजरी, तांदूळ असल्याने ग्लूटेन टाळणं तसं सोपं वाटतं. पण दूध आणि बिस्किटावर असलेल्या मुलाचं दोन्ही काढलं, तर उरतं काय, ते यादीत दाखवा. सीलिअॅकची, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, शंका असेल, तर गहू चालू असतानाच रक्ततपासणी व्हायला हवी. आधी गहू बंद केला तर निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो.

बद्धकोष्ठता असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. पाणी न वाढवता इसबगोल किंवा कोंडा सुरू केला तर त्रास वाढतो, आणि पोट साफ नसलेल्या मुलाला भूकच लागत नाही. औषधंही विचारून घ्या: रिस्पेरिडोनने (चिडचिड-आक्रमकतेसाठीचं औषध) भूक वाढते, मिथाइलफेनिडेटने (एकाग्रतेसाठीचं औषध) दुपारची भूक मरते. दुसऱ्या बाबतीत नाश्ता गोळीच्या आधी भरपूर द्यावा आणि रात्रीचं जेवण भरभक्कम ठेवावं.

वर्गाची मांडणी साधी ठेवा. सहा ते आठ घरं, 45 मिनिटं, दोन वर्गांत दोन आठवड्यांचं अंतर. मुलाचा जेवतानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ मागवा, फोन टेकवून बाजूने काढलेला, कारण हातात फोन धरून पालक चित्रीकरण करू लागले की मूल वेगळं वागतं. तो गटात टाकू देऊ नका. लेखी संमती घेऊन फक्त तुमच्याकडे ठेवा. वजन-उंची महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर.

आणि काही घरांचं काम ऑनलाइन थांबवून मुलाला डॉक्टरांकडे पाठवावं लागतं. त्याच्या खुणा अशा: खाताना ठसका लागणं किंवा आवाज ओलसर (घशात पाणी अडकल्यासारखा) होणं, वजन घटणं, फक्त पातळच जाणं, माती-रंग-कागद खाणं, हिरड्यांतून रक्त, अचानक लंगडणं किंवा चालायला नकार. हिरड्यांतलं रक्त आणि लंगडणं एकत्र दिसलं तर क जीवनसत्त्वाच्या अभावाचा विचार करा. फळं-भाज्या अजिबात न खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांमध्ये या अभावाने होणारा स्कर्व्ही हा आजार आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि सुरुवातीला तो हाडांचा आजार वाटून तपासण्या भलतीकडेच जातात. डॉक्टरांना पाठवताना ती तीन दिवसांची नोंद सोबत द्या.